घरसभेत वचनाच्या अर्थावरून मतभेद झाला तर? पहिल्यांदाच सभा चालवणाऱ्यांसाठी

पाळकसाहेबांनी एका रविवारी उपासना सुटल्यावर मला थांबवलं आणि म्हणाले, "तुमच्या भागातली घरसभा आता तुम्हीच बघा." मी लगेच हो म्हटलं. संडे स्कूलला सात वर्षं शिकवलं होतं, गीतं पाठ होती, चारचौघांत प्रार्थना करता येत होती. मोठ्या माणसांबरोबर बायबल वाचण्यात वेगळं काय असणार, असं वाटलं. तिसऱ्या महिन्यात आमची सभा मोडली.

उतारा होता प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. प्रचारक फिलिप आणि त्याला वाटेत भेटलेला कूश देशाचा षंढ दरबारी. गोल बसून प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं, अशी आमची पद्धत. छत्तिसावं वचन एका कॉलेजच्या मुलीने मोबाइलवरून वाचलं: हे बघा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? पुढची पाळी काकांची. त्यांच्या पानं पिवळी पडलेल्या जुन्या बायबलात सदतिसावं वचन होतं, की मनापासून विश्वास धरत असशील तर घेता येईल. मुलगी म्हणाली, "काका, माझ्यात छत्तीसनंतर एकदम अडतीस आहे."

"म्हणजे विश्वासाचंच वचन काढून टाकलं यांनी!" काका म्हणाले.

तेवढं पुरे झालं. नुकताच दुसऱ्या एका फेलोशिपला जाऊ लागलेला एक भाऊ म्हणाला, "बरोबर आहे काका. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. तान्ह्या बाळावर पाणी शिंपडलं तर तो बाप्तिस्माच नव्हे." माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात, मिशनच्या देवळात, आजीच्या मांडीवर त्यांचा बाप्तिस्मा झालेला. त्यांनी बायबल मिटलं, कापडी पिशवीत घातलं, पिशवीची नाडी बांधली आणि उठल्या. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. मी काहीच बोलले नाही, नुसती पुढचं वचन शोधत राहिले. मावशी पुढचे चार महिने आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी माझ्याकडून जे राहून गेलं आणि पुढच्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून जे शिकलो, ते खाली लिहिते. तुम्हाला कुणी नुकतीच घरसभा, कॉटेज मीटिंग किंवा तरुण संघाचा बायबल अभ्यास सोपवला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी जवळ काय काय हवं

- दोन वेगळी मराठी भाषांतरं. एक बायबल सोसायटीचं नेहमीचं पवित्र शास्त्र, दुसरं सोप्या मराठीतलं. दोन्ही मोबाइलवर असली तरी चालतं, पण एक तरी छापील प्रत मध्यभागी ठेवा. गटात कॅथलिक घरं असतील तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबलही मागून घ्या. त्यातल्या टिपांचा फार उपयोग होतो.
- एक मोठ्या अक्षरांची प्रत आणि एक जादा चष्मा. हे किरकोळ वाटेल, पण "मला दिसत नाही" म्हणून गप्प बसणारी माणसं दर सभेत असतात.
- एक वही. प्रश्न, वचनांचे क्रमांक आणि "पाळकसाहेबांना विचारायचं" असं लिहिलेलं एक पान.
- समोर दिसेल असं घड्याळ.
- तळटीपा वाचायची सवय. कंस, तारका, तळाची बारीक अक्षरं. आमची सभा ज्यावरून मोडली, त्याचं उत्तर अशाच एका तळटीपेत होतं.

१. कोण बसलंय ते आधी जाणून घ्या

पुण्यासारख्या शहरात एका सभेत दहा माणसं असली तरी ती एका घडणीची नसतात. आमच्याकडे उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) वाढलेले आहेत, मेथडिस्ट आहेत, वसईहून लग्न होऊन आलेली कॅथलिक सून आहे, पेंटेकॉस्टल सभांना जाणारी दोन घरं आहेत. घरात एकटीच विश्वासात आलेली एक ताई आहे, आणि बायकोबरोबर येऊन शांत बसणारे एक हिंदू गृहस्थही आहेत.

याची यादी करून कुणाला चिकटवायची नाही. पण "आपण तर सगळे हेच मानतो" असं वाक्य तुमच्या तोंडून निघू नये, यासाठी हे ठाऊक हवं. वसईच्या वहिनींनी एकदा सिराकमधलं एक वचन वाचलं आणि दोघांनी पानं उलटून "हे पुस्तक आमच्यात नाहीच" म्हटलं. त्यांना वाटलं आपली चूक झाली. चूक कुणाचीच नव्हती. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. हे मी सुरुवातीलाच सांगितलं असतं, तर त्यांना ओशाळं व्हावं लागलं नसतं.

२. विषय देऊ नका, उतारा द्या

नवीन माणूस हौसेने विषय ठरवतो: "या गुरुवारी बाप्तिस्मा", "पुढच्या वेळी शेवटचा काळ". असं केलं की प्रत्येकजण आपलं ठरलेलं मत आणि त्याला लागणारी वचनं घेऊनच येतो. मग वाचन होत नाही, फक्त वचनांची फेकाफेक होते.

त्याऐवजी दहा-पंधरा वचनांचा एक उतारा द्या. रविवारीच सांगा, म्हणजे लोक घरी वाचून येतील. शक्यतो एकच पुस्तक ओळीने घ्या. ओळीने वाचताना अवघड वचन आपल्या जागी, मागच्यापुढच्या वचनांसकट येतं. कुणी ते मुद्दाम उकरून काढलं, असं कुणाला वाटत नाही.

सुरुवातीला प्रकटीकरण घेऊ नका. मार्क घ्या, फिलिप्पैकरांस पत्र घ्या. माणसं एकमेकांचं ऐकायला शिकली की मग करिंथकरांस पत्राकडे वळा.

३. मोठ्याने वाचा, आणि दोनदा वाचा

पहिल्यांदा एका भाषांतरातून, दुसऱ्यांदा दुसऱ्या. घाई करू नका. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी बायबल अडखळत वाचतात, त्यांना मध्येच दुरुस्त करू नका. एखाद्या आजींना वाचता येत नसेल तर त्यांची पाळी हळूच पुढे न्या आणि नंतर विचारा, "आजी, ऐकताना कोणता शब्द मनात राहिला?" आमच्या एका आजींना अर्धी स्तोत्रसंहिता पाठ आहे, आणि चष्मेवाल्यांच्या नजरेतून सुटलेला शब्द बहुतेक वेळा त्यांनाच ऐकू येतो.

दोन भाषांतरांत फरक दिसला की काहीजण बिथरतात. "कुणी बदललं?" हा प्रश्न येतोच. अशा वेळी मी पंडिता रमाबाईंची आठवण काढते. केडगावला मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात घातली. मराठीत बायबल त्याआधीही होतं. तरी साध्या, फारशा न शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत ते यावं, म्हणून त्यांनी हे केलं. दुसरं भाषांतर झालं म्हणून पहिलं खोटं ठरलं नाही. हे ऐकलं की लोक जरा सैल होतात आणि "बदललं" म्हणायच्या ऐवजी "इथे असा शब्द का निवडला असेल?" असं विचारू लागतात.

४. प्रश्नांचा क्रम मोडू नका

आम्ही तीन प्रश्न घेतो, आणि याच क्रमाने:

पहिला: यात नेमकं काय लिहिलंय? कोण, कुठे, कुणाशी, काय बोललं. इथे अजून मत द्यायचं नाही.

दुसरा: हे कुणाला लिहिलं आणि त्यांची अडचण काय होती?

तिसरा: मग आपल्याला काय?

निम्मे वाद पहिला प्रश्न ओलांडून थेट तिसऱ्यावर उडी मारल्यामुळे होतात. विश्वास आणि कृत्यं यांचंच घ्या. पौल रोमकरांस सांगतो की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नाही, कृत्यांनीही. दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातलं एकच वचन घेतात. थेट तिसऱ्या प्रश्नावर गेलात तर खोलीत दोन तट पडतात. दुसऱ्या प्रश्नावर थांबलात तर दिसतं की पौलासमोरचा प्रश्न होता, नियमशास्त्र आणि सुंता यांखेरीज परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेला, माणूस देवाचा होऊ शकतो का. याकोबासमोर होते उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा" म्हणून हात न हलवणारे लोक. याने मतभेद पूर्ण मिटतो असं नाही. लूथरच्या काळापासून यावर लिहिलं जातंय. पण भांडणाऱ्या दोघांनाही निदान कळतं की आपण दोन वेगळ्या माणसांना दिलेली उत्तरं समोरासमोर उभी करतोय.

५. मतभेद कशाचा आहे ते ओळखा

आवाज चढला की आधी स्वतःला विचारा: हा कसला मतभेद? मला चार प्रकार सापडले आहेत.

*मूळ मजकुराचा किंवा भाषांतराचा.* आमच्या सदतिसाव्या वचनाचं हेच होतं. प्रेषितांची कृत्ये ८:३७ सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. म्हणून आजची काही बायबलं ते कंसात देतात, काही तळटीपेत, काही नुसता क्रमांक गाळून पुढे जातात. दुसरीकडे, दुसऱ्या शतकातले बिशप इरेनियस यांच्या लिखाणात ते वाक्य येतं, म्हणजे ते कुणी काल-परवा घुसडलेलंही नाही. काकांचं बायबल खोटं नव्हतं आणि मुलीच्या मोबाइलने काही चोरलं नव्हतं. एवढी दोन वाक्यं मला त्या दिवशी ठाऊक असती तर! मार्कचा शेवट (१६:९ पासून पुढे) आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (७:५३ ते ८:११), हे असेच आणखी दोन उतारे. त्यांवर येण्याआधी तळटीप वाचून ठेवा. नाताळच्या दिवसांत यशया ७:१४ घेणार असाल तर तेही बघून ठेवा: हिब्रू शब्दाचा अर्थ तरुणी, जुन्या ग्रीक भाषांतरातला शब्द कुमारी, आणि मत्तयाने घेतलाय तो ग्रीक.

*संदर्भाचा.* एकजण एक वचन धरतो, दुसरा दुसरं. पहिल्या करिंथकरांसमध्ये चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे, आणि त्याच पत्रात अकराव्या अध्यायात स्त्री प्रार्थना करते, संदेश देते तेव्हा डोक्यावर काय असावं याची चर्चा आहे. दोन्ही वचनं एकाच संध्याकाळी वाचा. एक वाचून दुसरं पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

*मंडळीच्या शिकवणीचा.* बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आत्म्याची दानं. हे प्रश्न बैठकीच्या खोलीत सुटत नाहीत आणि सुटायला हवेत असंही नाही. उत्तर भारतीय मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली, तेव्हा तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या आणि केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांनाच देणाऱ्या अशा दोन्ही परंपरांच्या मंडळ्या तिच्यात एकत्र आल्या. अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरेन होते. एक पद्धत मोडून दुसरी लादली नाही, दोन्हींना जागा ठेवली. हे मला पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं, आणि त्या भावालाही ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं की आपल्या मंडळीने दुसऱ्या बाजूचा कधी विचारच केलेला नाही.

*जखमेचा.* हा ओळखायला सगळ्यात अवघड आणि ओळखायला सगळ्यात गरजेचा. मावशींना ८:३७ शी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ऐकू आलं ते असं: तुझ्या आजीने देवासमोर जे केलं ते पोकळ होतं. अशा वेळी वचनाचा खुलासा करत बसू नका. थांबा, त्या माणसाकडे बघा आणि विचारा, "मावशी, तुमचा बाप्तिस्मा कुठे झाला, सांगता का आम्हाला?" मी हे विचारायला हवं होतं.

६. एक अवघड संध्याकाळ: नैवेद्याचा प्रश्न

आपल्याकडे हा प्रश्न येणारच, म्हणून सविस्तर सांगते. गणपतीचे दिवस होते, आम्ही पहिल्या करिंथकरांसच्या आठव्या अध्यायावर आलो होतो. आपल्या नेहमीच्या भाषांतरात तिथे शब्द आहे, मूर्तीला दाखवलेला नैवेद्य. तो वाचला आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर शेजारच्या वाटीतले मोदक आले. एका क्षणात चर्चा सुरू: प्रसाद घ्यावा की नाही?

मी पहिल्या प्रश्नावर परत नेलं. करिंथमध्ये बोलणं मुख्यतः मांसाचं होतं. देवळात बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारात विकायला येई, मेजवानीत वाढलं जाई. 'नैवेद्य' हा मराठी शब्द आपल्याला चटकन भिडतो, पण तो आपल्याला थोडा लवकर घरी आणून सोडतो. मग वहीत सगळी वचनं लिहिली, दोन्ही बाजूंची. आठवा अध्याय: मूर्ती काहीच नाही, पण दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर मी मांसच खाणार नाही. दहावा अध्याय, २० आणि २१: प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे असे दोन्हीचे भागीदार होता येत नाही. त्याच अध्यायात पुढे, २५ ते २८: बाजारात विकतात ते विचारपूस न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा, मात्र हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. प्रेषितांची कृत्ये १५:२९: वर्ज्य करा. प्रकटीकरण २, दोन ठिकाणी कडक शब्द. रोमकरांस १४: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये.

यादी समोर आल्यावर कुणालाच "बायबल सरळ सांगतं" असं म्हणता येईना. मग मी विचारलं, "ज्यांना हे रोज जगावं लागतं, त्यांनी बोलावं."

एकट्या विश्वासात आलेल्या ताई म्हणाल्या, "मी माहेरी गेले की आई ताटात मोदक ठेवते. मी हात लावत नाही. मोदकात काही आहे म्हणून नाही. माझं मन अजून तिकडे ओढतं, आणि खाल्ला की मला स्वतःला कळत नाही मी कुठे उभी आहे. आई रडते. मग मी तिच्या हातची भाकरी मागून घेते." पेंटेकॉस्टल घरातले एक दादा, ज्यांच्याकडून मला सगळ्यात कडक उत्तराची अपेक्षा होती, ते म्हणाले, "आमच्या मजल्यावरचे आजोबा दरवर्षी वाटी आणतात. मी दारातच त्यांच्यासाठी मनात प्रार्थना करतो आणि घेतो. परत केली तर ते पुन्हा माझं दार वाजवणार नाहीत."

ताईंनी आपलं मत बदललं नाही, दादांनीही नाही. पण ताईंसमोर आपण वाटीची गोष्ट जपून काढली पाहिजे, हे दादांना त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पौलाने आठव्या अध्यायात जे मागितलं आहे ते माझ्या डोळ्यांसमोर घडताना मी बघितलं.

या विषयावर एक नियम पक्का ठेवा: शेजाऱ्यांच्या पूजेबद्दल, देवांबद्दल हिणकस शब्द सभेत उच्चारू द्यायचा नाही. ते शांत बसणारे गृहस्थ त्या दिवशीही होते. बोलणं आपल्या आज्ञापालनाचं चाललंय, त्यांच्या घराचं नाही, हे मी सुरुवातीलाच म्हटलं.

७. जिथे पाय घसरतो त्या जागा

"बायबल म्हणतं..." या वाक्यापुढे समोरच्याला बोलायला जागा उरत नाही. "मला इथे असं दिसतं" किंवा "आमच्या मंडळीत याचा अर्थ असा घेतात" असं म्हणायची सवय आधी स्वतः लावून घ्या. तुम्ही तीन-चार आठवडे असं बोललात की बाकीचेही बोलू लागतात.

"मला प्रभूने दाखवलं" हेही असंच. साक्षीचा मान ठेवा, पण साक्ष वचनाच्या जागी बसवू नका. "ते आम्हाला कोणत्या वचनात दिसेल, भाऊ?" असं नम्रपणे विचारता येतं. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचंसुद्धा असंच शास्त्रात शोधून पाहिलं आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने त्यांना थोर मनाचे म्हटलं (प्रेषितांची कृत्ये १७:११).

ग्रीक शब्दांचा धाक. व्हिडिओत ऐकलेला एखादा ग्रीक शब्द उच्चारला की बाकीचे गप्प होतात. ज्याला खरंच ती भाषा येते तो सहसा हळू बोलतो. तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा आणि शब्द वहीत लिहून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप. सभेत अर्धवट राहिलेला मुद्दा रात्री अकराला गटावर येतो, सोबत कुठून तरी आलेला लांबलचक फॉरवर्ड. आमचा नियम: गटावर फक्त वेळ, पत्ता, उतारा आणि प्रार्थनेची विनंती. मतभेद समोरासमोर.

आणि सगळ्यात दुखावणारी जागा म्हणजे प्रार्थनेतून टोमणा. "प्रभू, आमच्यातल्या काही बहिणींचे डोळे उघड." डोळे मिटलेल्या माणसाला त्यावर उत्तर देता येत नाही. म्हणून वादाच्या दिवशी शेवटची प्रार्थना कुणा एकावर सोपवू नका. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा. आमच्या वसईच्या वहिनी "वाइटापासून सोडव" इथे थांबतात, कारण त्या तसंच शिकल्या. बाकीचे "कारण की राज्य" म्हणत पुढे जातात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ती ओळ बघा, तिलाही बहुधा कंस किंवा तळटीप सापडेल. वहिनी थांबून राहतात, आणि आमेन सगळे एकदम म्हणतो.

८. काय घरात ठेवायचं, काय पाळकसाहेबांकडे न्यायचं

कुणाचा बाप्तिस्मा, लग्न, प्रभुभोजनाला येणं, मंडळी सोडणं, यांतल्या कशाचाही निर्णय सभेतल्या चर्चेवर ठरत असेल तर तिथेच थांबा आणि वहीतल्या त्या पानावर लिहा. कुणी आजारी माणसाला "औषध बंद कर, विश्वास कमी पडतो" असं सांगत असेल तर मात्र पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. त्याच रात्री फोन करा, आणि त्या माणसाला औषध चालू ठेवायला सांगा.

एखाद्याचं शिकवणं खरोखरच चुकतंय असं वाटलं तर त्याला सभेत उभं करू नका. अपुल्लोस मोठा वक्ता होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभास्थानात अडवलं नाही. आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). मी त्या भावाला एका शनिवारी घरी जेवायला बोलावलं. तो म्हणाला, "मी मावशींबद्दल बोलत नव्हतो हो ताई." मी म्हटलं, "पण बसल्या त्याच होत्या."

९. वेळ आणि दुसरा दिवस

दीड तास, त्याहून जास्त नको. गीत आणि प्रार्थना वीस मिनिटं, वाचन आणि बोलणं पन्नास, प्रार्थनेच्या विनंत्या वीस. वाद रंगात आला असला तरी घड्याळ बघून थांबवा. उशीर झाला की बसने जाणाऱ्यांची चुळबुळ सुरू होते आणि बोलायला फक्त तावातावाने बोलणारेच उरतात. चहा आम्ही आता वाचनाच्या आधी घेतो. आधी एकत्र चहा प्यायलेली माणसं एकमेकांशी जरा जपून बोलतात, असा माझा अनुभव आहे.

सभेत कुणी दुखावलं गेलं असेल तर दुसऱ्याच दिवशी जा. फोन नको, घरी जा. मी मावशींकडे चार महिन्यांनी गेले, आणि त्या चार महिन्यांत त्यांना वाटत राहिलं की मीही तेच मानते. त्यांनी पेटीतून बाप्तिस्म्याचा दाखला काढून दाखवला, घडीवर फाटत आलेला, आजीचं नाव साक्षीदार म्हणून लिहिलेला. आम्ही दोघींनी तो पारदर्शक कागदात घातला.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या. आम्ही तोवर सोळाव्या अध्यायापर्यंत पोहोचलो होतो, फिलिप्पैच्या बंदिशाळेपाशी. तेहेतिसावं वचन वाचायची पाळी त्यांच्यावर आली: त्या अधिकाऱ्याने पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या, आणि त्याने व त्याच्या घरच्या सगळ्यांनी लगेच बाप्तिस्मा घेतला. मावशींना अक्षर लागेना. काकांनी आपला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.